मरीयेच्या हातातली चाती: बायबलबाह्य कथा आणि ख्रिस्ती चित्रकला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इटलीत पादुआला जोत्तो या चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इटालियन चित्रकाराची भित्तिचित्रे पाहायला जाणार आहात. तयारी म्हणून चारही शुभवर्तमाने वाचलीत आणि मग लक्षात आले की भिंतींच्या सगळ्यात वरच्या रांगेतल्या बारा चित्रांची गोष्ट त्यांत कुठेच नाही. योआकीम कोण, अन्ना कोण, काठ्या घेऊन रांगेत उभे असलेले ते तरुण कोण, काही पत्ता लागेना. बायबलमध्ये नाही ते देवळाच्या भिंतीवर आले कसे, आणि चर्चने ते चालवून का घेतले, हे तुम्हाला हवे आहे.

मी बरीच वर्षे युरोपीय कलेचा इतिहास शिकवते आहे आणि दर वर्षी वर्गात हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. त्याचे थेट उत्तर आधी देते. या कथा दुसऱ्या शतकापासून ख्रिस्ती लोकांत फिरत होत्या. बायबलमध्ये त्यांना जागा मिळाली नाही, पण सणांत, प्रवचनांत आणि भिंतींवर मिळाली. चित्रकारांनी यात लपूनछपून काही केलेले नाही. जे ते रंगवत होते ते चर्चमध्ये येणाऱ्या बहुतेकांना तोंडपाठ होते.

शुभवर्तमाने मरीयेबद्दल किती कमी सांगतात ते पुन्हा एकदा बघा. मार्क येशूच्या बाप्तिस्म्याच्या सुमारास सुरुवात करतो. योहानाच्या शुभवर्तमानात तिचे नावसुद्धा नाही, नुसते ‘येशूची आई’. जन्माची हकिकत देतात ते मत्तय आणि लूक. पण तिचे आईवडील कोण, ती कुठे वाढली, योसेफाचे वय काय, बाळंतपणाला जवळ कोण होते, यातले काहीच त्यांच्याकडे नाही. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी, किती होते हेही मत्तय सांगत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसे तीन धरली गेली. ऐकणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. चित्रकाराचे मात्र अडते. योसेफाची दाढी काळी की पांढरी हे त्याला ठरवावेच लागते. देवदूत आला तेव्हा मरीया काय करत होती हे ठरल्याशिवाय तिचे हात काढताच येत नाहीत.

या मोकळ्या जागा भरणारे सगळ्यात महत्त्वाचे लिखाण म्हणजे याकोबाच्या नावावर चाललेले एक छोटे ग्रीक पुस्तक. त्याला याकोबाचे आद्य शुभवर्तमान म्हणतात. ते दुसऱ्या शतकातले आहे. मरीयेचा जन्म, तिचे मंदिरातले बालपण, योसेफाची निवड, गुहेतले बाळंतपण असा त्याचा ओघ आहे. पुढे साधारण सातव्या शतकाच्या आसपास लॅटिनमध्ये याच कथांचे नवे रूप तयार झाले. ते मत्तयाच्या नावावर खपले, म्हणून अभ्यासक त्याला छद्म-मत्तय म्हणतात. आणि तेराव्या शतकात जेनोव्हाचा धर्मगुरू याकोपो दा व्होराजिने याने संतांच्या कथांचा जो मोठा संग्रह केला, ‘लेजेन्डा ऑरिया’ नावाचा, त्यात या कथा सणांच्या क्रमाने आल्या. त्या संग्रहाच्या एक हजाराहून अधिक हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत. छपाई येण्याआधीच्या युरोपात हा आकडा फार मोठा आहे. पश्चिमेकडच्या चित्रकाराच्या कानावर योआकीम आणि अन्ना पडले ते मुख्यतः या वाटेने. मूळ ग्रीक पुस्तक पश्चिम युरोपात लॅटिनमध्ये छापले गेले १५५२ मध्ये, फ्रेंच विद्वान गियोम पोस्तेलमुळे. जोत्तोला तोवर जाऊन दोनशे वर्षे झाली होती.

आपल्याकडे लक्ष्मणरेषा वाल्मीकि रामायणात नाही हे कळल्यावर लोकांना धक्का बसतो, पण म्हणून सीताहरणाच्या चित्रातून ती रेषा कोणी पुसत नाही. इथेही तसेच समजा. प्रमाण ग्रंथ एका बाजूला आणि लोकांच्या मनातली कथा दुसऱ्या बाजूला, आणि चित्रकार नेहमी दुसऱ्या बाजूच्या जास्त जवळ.

आता तुमच्या पादुआकडे येऊ. एन्रिको स्क्रोवेन्यी या श्रीमंत सावकाराने बांधलेले हे प्रार्थनामंदिर २५ मार्च १३०५ रोजी अर्पण केले गेले. २५ मार्च हा देवदूताने मरीयेला निरोप दिला त्या घटनेचा सण, आणि मंदिरही मरीयेलाच वाहिलेले. त्यामुळे कथा येशूच्या जन्मापासून सुरू न होता त्याच्या आजी-आजोबांपासून सुरू होते. वेदीकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या भिंतीवर, सगळ्यात वर, वेदीच्या टोकाला पहिले चित्र आहे. तिथून मागे सरकत सहा चित्रे योआकीम-अन्नाची, मग समोरच्या भिंतीवर परत वेदीकडे येत सहा मरीयेची.

कथा अशी. योआकीम सधन आणि धर्मभीरू, पण मूल नाही. मंदिरात अर्पण घेऊन जातो तर निपुत्रिक म्हणून त्याला हाकलले जाते. लाजेने तो घरी परतत नाही, रानात आपल्या मेंढपाळांकडे जातो. इकडे अन्ना एकटी. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी देवदूत दिसतो, मूल होणार असे सांगतो, आणि यरुशलेमच्या सुवर्णद्वारापाशी दोघांची गाठ पडते.

जोत्तोने पहिल्या चित्रात काय केले आहे पाहा. मंदिर म्हणजे एक उंच चौथरा, भोवती कठडा. कठड्याच्या आत एक तरुण गुडघे टेकून आशीर्वाद घेतो आहे. बाहेर, अगदी कडेवर, पुजारी योआकीमला ढकलतो आहे आणि योआकीमच्या हातात कोकरू आहे. त्याने ते ज्या मायेने धरले आहे ना, तसे आपण तान्हे मूल धरतो. त्याच्या उजवीकडे चित्रात काहीही नाही, नुसती निळी पोकळी. चित्राचा एवढा मोठा भाग रिकामा सोडायला त्या काळात धाडस लागत होते. दुसऱ्या चित्रात तो खाली मान घालून मेंढपाळांसमोर उभा आहे. कुत्रा ओळखून त्याच्या अंगावर झेपावतो आहे, त्याचे त्याकडे लक्ष नाही, आणि दोन मेंढपाळ एकमेकांकडे बघताहेत: मालकांना काय झाले, विचारायचे की नाही. माझ्या मते कुठल्याही पुस्तकात न सापडणारी ती नजर ही या सगळ्या रांगेतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. कथेने जोत्तोला प्रसंग दिला, माणसे त्याने स्वतः दिली.

सहावे चित्र सुवर्णद्वाराचे. योआकीम आणि अन्ना एकमेकांना भेटतात, दोघेही वयस्क, अन्नाचा हात त्याच्या डोक्यामागे गेलेला, चेहरे इतके जवळ की प्रभावळी एकमेकींत मिसळलेल्या. ग्रीक पुस्तकात अन्ना नुसती दाराशी उभी असते. ते दार यरुशलेमचे सुवर्णद्वार झाले ते लॅटिन परंपरेत. पुढे काही लोक असे मानू लागले की मरीयेची गर्भधारणा याच चुंबनातून झाली. धर्मपंडितांनी ते कधी मान्य केले नाही, तरी हे चित्र मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाची, म्हणजे ती आईच्या पोटात आली तीच आदिपापाच्या डागाशिवाय या समजुतीची, खूण म्हणून कितीतरी काळ वापरले गेले. तो सिद्धान्त पोप नववे पायस यांनी अधिकृत केला १८५४ मध्ये. मधल्या काळात सुवर्णद्वार मागे पडले आणि चंद्रकोरीवर उभ्या असलेल्या एकट्या मरीयेचे चित्र त्या जागी आले. स्पॅनिश चित्रकार म्युरिलोची अशी चित्रे तुम्ही कॅलेंडरवरही पाहिली असतील.

समोरच्या भिंतीवरचे काठ्यांचे प्रकरण असे. मरीया तीन वर्षांची असताना आईवडिलांनी तिला मंदिराला वाहिले होते. ती वयात आल्यावर तिला कोणाच्या हाती सोपवायचे हे ठरवायला पुरुषांकडून काठ्या मागवल्या जातात. ग्रीक कथेत योसेफाच्या काठीतून कबुतर बाहेर पडते. पश्चिमेत काठीला फुले येतात. जोत्तोने यावर तीन चित्रे दिली आहेत: काठ्या वेदीवर आणणे, वाट पाहणे, आणि विवाह. वाट पाहण्याच्या चित्रात सगळे पाठमोरे किंवा बाजूने गुडघ्यावर बसलेले आहेत, घडत काहीच नाही, आणि तरी श्वास रोखला जातो. राफाएलने १५०४ मध्ये काढलेला मरीयेचा विवाह मिलानमध्ये आहे. त्यात उजवीकडे पुढे एक देखणा तरुण निराश होऊन आपली काठी गुडघ्यावर मोडतो आहे. कथा माहीत नसेल तर तो तिथे काय करतो आहे हे उमगणारच नाही.

ती फुललेली काठी आजही तुमच्या ओळखीची आहे. वसईतल्या, गोव्यातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये संत योसेफाचा पुतळा बघा. हातात लिलीची फुले असतात. त्यांचे मूळ या काठीत आहे.

योसेफाच्या वयाचेही तसेच. आद्य शुभवर्तमानात तो विधुर आहे, मोठी मुले असलेला. त्यामुळे शुभवर्तमानांत येणारे ‘येशूचे भाऊ’ कोण, या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि मरीयेचे कौमार्यही अबाधित राहिले. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमला हे मुळीच पटले नव्हते. चित्रकारांनी मात्र म्हातारा योसेफ हजार वर्षे पोसला: पांढरी दाढी, कोपऱ्यात हनुवटीला हात लावून बसलेला. सोळाव्या शतकानंतर अविलाच्या संत तेरेसाच्या प्रभावाने योसेफाची भक्ती वाढली, तेव्हा तो चित्रांत तरुण आणि कर्तबगार झाला.

आता ज्या गोष्टीने मला या विषयात खेचले तिच्याकडे येते. आद्य शुभवर्तमान सांगते की मंदिरासाठी नवा पडदा विणायचा होता. कुमारिकांमध्ये चिठ्ठ्या टाकून धाग्याचे रंग वाटले, आणि जांभळा व किरमिजी धागा कातायचे काम मरीयेच्या वाट्याला आले. देवदूत आला तेव्हा ती सूत कातत होती. लूकमध्ये यातले काही नाही. पण रोममध्ये सान्ता मारिया माज्जोरे या चर्चची मुख्य कमान बघा. तिथले मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, ४३२ ते ४४० या काळातले आहे. मरीया राजकन्येसारखी सोन्याच्या वस्त्रात बसली आहे, बाजूला टोपली, आणि टोपलीतून ती जांभळा धागा ओढते आहे. पूर्वेकडच्या चर्चमध्ये सूत कातायची चाती आणि हा धागा मरीयेच्या हातातून नंतर कधी सुटलाच नाही. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात बाराव्या शतकातला एक मोठा आयकॉन, म्हणजे फळीवर रंगवलेली पूजेची प्रतिमा, आहे, उस्त्युगचा म्हणून ओळखला जातो. त्यात मरीयेच्या छातीशी बाळाची पुसट आकृती दिसते आणि हातात लाल सूत.

हा निव्वळ घरगुती तपशील असता तर इतका टिकला नसता. ज्या पडद्यासाठी ती कातते आहे तोच पडदा येशूच्या मरणाच्या क्षणी वरपासून खालपर्यंत फाटतो, हे मत्तय सांगतो. पाचव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या प्रोक्लस या धर्माध्यक्षाने आपल्या प्रवचनात मरीयेच्या उदराला माग म्हटले होते, ज्यावर देवाने मानवी देहाचे वस्त्र विणले. म्हणजे तिच्या बोटांतून जाणारा लाल धागा हा एकाच वेळी पडद्याचा आहे आणि बाळाच्या रक्तामांसाचा. उस्त्युगच्या चित्रकाराने सूत आणि बाळ शेजारी शेजारी रंगवले, ते मला या विचाराचे सगळ्यात सुंदर रूप वाटते.

पश्चिमेत हळूहळू चाती गेली आणि पुस्तक आले. मठांत वाचन हीच साधना होती, त्यामुळे मरीयाही वाचणारी झाली. पुस्तक बहुधा यशयाचे, कुमारिका गर्भवती होईल या वचनापाशी उघडलेले. पादुआतही जोत्तोची मरीया पुस्तक धरून आहे. चाती आहे ती अन्नाच्या दासीकडे: देवदूत खिडकीतून आत येऊन अन्नाला निरोप देतो त्या चित्रात ती जिन्याखाली बसून सूत कातते आहे आणि कान भिंतीकडे लागल्यासारखे वाटतात. ते चित्र मुळीच चुकवू नका.

नाताळच्या देखाव्याबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण त्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. लूकमध्ये गव्हाणी आहे, जनावरे नाहीत. बैल आणि गाढव बाळाला नमन करतात हे छद्म-मत्तय सांगतो. बरेच लोक इथेच थांबतात: पुस्तकात आले, म्हणून चित्रात आले. पण तारखा जुळत नाहीत. मिलानच्या संत आंब्रोजच्या चर्चमध्ये चौथ्या शतकातली एक दगडी शवपेटी आहे. तिच्यावर कापडात गुंडाळलेले बाळ, एका बाजूला बैल, एका बाजूला गाढव. मरीया आणि योसेफ नाहीतच. हे छद्म-मत्तयाच्या कितीतरी आधीचे आहे. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपली गव्हाणी ओळखते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, अशा अर्थाचे यशयाचे वचन आहे. शिल्पकारांनी ते धरले. लॅटिन कथाकाराने बहुधा अशी शिल्पे पाहिली आणि त्यांना साजेशी गोष्ट लिहिली. म्हणून माझे विद्यार्थी ‘या चित्राचे मूळ अमुक ग्रंथात’ असे झटकन लिहितात तेव्हा मी त्यांना थांबवते. ये-जा दोन्ही बाजूंनी होती. पुढे असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरे गाढव आणून नाताळ साजरा केला, आणि गोठ्यातली त्यांची जागा पक्की झाली.

सुइणींचे भाग्य इतके चांगले नव्हते. ग्रीक कथेत एक सुईण कुमारिकेच्या बाळंतपणाची साक्ष देते आणि शलोमी नावाची बाई स्वतः तपासल्याशिवाय मानत नाही. तिचा हात जळल्यासारखा होतो आणि बाळाला उचलल्यावर बरा होतो. राव्हेन्नातल्या बिशप मॅक्सिमियनच्या सहाव्या शतकातल्या हस्तिदंती सिंहासनावर ती आपला लुळा हात पुढे करून उभी आहे. जेरोमने तिथे कोणी सुईण नव्हती असे ठणकावून सांगितले होते, तरी सुइणी आणखी हजार वर्षे टिकल्या. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात पंधराव्या शतकातले एक जन्मचित्र आहे, रोबेर काँपेंचे. त्यात शलोमीचा मनगटापासून लोंबणारा हात दिसतो. आणि त्याच चित्रात मरीया बाजेवर पडलेली नाही; केस मोकळे सोडून गुडघ्यांवर बसली आहे, बाळ उघडे जमिनीवर, योसेफाच्या हातात मेणबत्ती. हा भाग आला स्वीडनच्या संत ब्रिजिटकडून. १३७२ मध्ये बेथलेहेमला गेली असताना तिला जन्माचे जे दर्शन झाले त्यात बाळाच्या तेजापुढे योसेफाची मेणबत्ती फिकी पडली होती. एकाच फळीवर दुसऱ्या शतकातली कथा आणि चौदाव्या शतकातले दर्शन बिनतक्रार नांदताहेत.

बाकीची उदाहरणे भराभर सांगते. इजिप्तला जाताना खजुराचे झाड फांद्या खाली वाकवते, हे छद्म-मत्तयात आहे. मार्टिन शोनगाउअरच्या कोरीव ठशात देवदूत ते झाड धरून वाकवताहेत. पेत्राला उलटे क्रूसावर दिले हे पेत्राच्या बायबलबाह्य कृत्यांच्या पुस्तकातले. रोममध्ये काराव्हाज्जोने १६०१ मध्ये ते रंगवले. येशूचा शिष्य थोमा याच्या हातात सुताराचा काटकोन असतो, कारण तिसऱ्या शतकातल्या एका सीरियन ग्रंथात तो हिंदुस्थानच्या राजासाठी महाल बांधायला निघतो. त्या राजाचे नाव गुंडफर. असा राजा खरेच होता हे एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडल्यावर कळले. आणि क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे तर प्रत्येक कॅथलिक चर्चच्या भिंतींवर असतात: येशूचे तीनदा पडणे, वेरोनिकेने तोंड पुसणे, यातले काहीच शुभवर्तमानांत नाही.

एका चित्रापाशी मात्र थांबायलाच हवे. इस्तंबूलचे खोरा चर्च, आता मशीद. तिथली मोझेक आणि भित्तिचित्रे साधारण १३१५ ते १३२१ मधली आहेत, म्हणजे पादुआनंतर लगेचची. मोझेकमध्ये योआकीम-अन्नाची सगळी कथा आहे, मरीयेने टाकलेली पहिली सात पावलेसुद्धा. पण बाजूच्या दालनाच्या टोकाला अर्धगोलात जे भित्तिचित्र आहे त्याला तोड नाही. ‘अधोलोकात उतरला’ एवढे तीन शब्दही न भरणारे, ख्रिस्ताबद्दलचे वचन श्रद्धेच्या अंगीकारात, म्हणजे ख्रिस्ती लोक उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत आहे. निकदेमाच्या नावावरच्या शुभवर्तमानात त्याची पूर्ण कथा होते. दरवाजे मोडतात, सैतान बांधला जातो, आदामापासूनचे सगळे सुटतात. इथे पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त पाय फाकून उभा आहे आणि एका हाताने आदामाला, दुसऱ्या हाताने हव्वेला त्यांच्या थडग्यांतून अक्षरशः उपसून काढतो आहे. त्याने त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटे धरली आहेत. जोर सगळा त्याचा. पायाखाली काळोखात कुलपे, किल्ल्या, खिळे विखुरलेले. पूर्वेकडच्या चर्चसाठी पुनरुत्थानाचे चित्र म्हणजे हेच.

मरीयेच्या या कथा ख्रिस्ती जगापुरत्याही राहिल्या नाहीत. मंदिरात तिला देवाकडून अन्न मिळत असे हा प्रसंग कुराणातही आहे, आणि त्यातली ओळ उस्मानी मशिदींच्या मिहराबांवर लिहिलेली आढळते. अकबराच्या दरबारातले जेझुइट पाद्री जेरोम झेविअर यांनी १६०२ मध्ये फारसीत येशूचे चरित्र पुरे केले. त्याची मोगल चित्रकारांनी सजवलेली एक प्रत आज अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे.

आता चर्चने हरकत का घेतली नाही, याबद्दल. हरकत घेतली होती. सहाव्या शतकात टाळावयाच्या पुस्तकांची जी लॅटिन यादी पोप गेलासियसच्या नावाने फिरली, तिच्यात यातली बरीच पुस्तके आहेत. पण पुस्तक नाकारले तरी सण राहिले. मरीयेचा जन्म ८ सप्टेंबरला, तिचा मंदिरप्रवेश २१ नोव्हेंबरला, अन्नाचा सण २६ जुलैला. बांद्र्याची मोत माउलीची जत्रा आणि गोव्याचे मोंती फेस्त याच ८ सप्टेंबरच्या आसपास भरते. ज्या जन्माचा हा सण, त्याची गोष्ट बायबलमध्ये नाही, आद्य शुभवर्तमानात आहे. सण आहे म्हटल्यावर त्या दिवशी प्रवचन हवे, वेदीवर चित्र हवे. चित्रकाराला काम मिळत होते ते इथून.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट टीका सुरू झाल्यावर कॅथलिक चर्चनेही झाडाझडती घेतली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांबद्दल ठराव केला. लूव्हेनच्या मोलानसने १५७० मध्ये कुठले विषय योग्य, कुठले नाहीत यावर पुस्तकच लिहिले. पोप पाचव्या पायसने १५६८ मध्ये मरीयेचा मंदिरप्रवेश आणि अन्नाचा सण प्रार्थनापुस्तकातून काढले. वीस वर्षांच्या आत दोन्ही परत आले. लोकांनी अन्नाला सोडले नाही, आणि का सोडले नसेल हे समजायला गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला जावे. तिथे सतराव्या शतकातले सांत आनाचे भव्य चर्च आहे. जुलैअखेरच्या फेस्ताला मूल हवे असलेली जोडपी तवशी म्हणजे काकड्या वाहतात. लोक त्याला तवशांचे फेस्तच म्हणतात. मूल नाही म्हणून मंदिरातून हाकलल्या गेलेल्या घराची ती मालकीण आहे. निपुत्रिक बाई तिच्याकडे जाणार नाही तर कोणाकडे जाईल?

याच अन्नाचे एक रूप असे आहे की त्याला कुठल्याच जुन्या ग्रंथाचा आधार नाही: मांडीशी मरीयेला घेऊन वाचायला शिकवणारी आई. चौदाव्या शतकाच्या सुमारास ते इंग्लंड आणि फ्रान्समध्ये दिसू लागले आणि गोव्याच्या हस्तिदंती व लाकडी मूर्तींपर्यंत पोचले. देवदूत आला तेव्हा मरीया वाचत होती, तर तिला वाचायला कोणी शिकवले असेल? चित्रांनीच विचारलेल्या प्रश्नाला चित्रांनीच दिलेले हे उत्तर असावे असे मला वाटते.

एक गोष्ट न सांगता पुढे जाता येत नाही. या कथांत यहुद्यांबद्दल विष आहे. मरीयेच्या मृत्यूच्या आयकॉनमध्ये तिच्या शय्येपुढे बऱ्याचदा एक लहानशी आकृती दिसते. देवदूताने त्या आकृतीचे दोन्ही हात तलवारीने छाटलेले असतात. तो यहुदी, त्याने शय्या उलथवायचा प्रयत्न केला अशी कथा. अशा चित्रांनी आणि प्रवचनांनी युरोपातल्या यहुद्यांविरुद्धचा द्वेष पिढ्यानपिढ्या पोसला. चित्र कितीही सुंदर असले तरी ती आकृती दाखवून, ती तिथे का आहे हे सांगूनच मी वर्गात पुढे जाते. तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल तर तुम्हीही सांगा.

शेवटी पादुआच्या भेटीबद्दल. तिकीट वेळेसकट आधी काढावे लागते. आत सोडण्यापूर्वी हवा स्थिर करण्यासाठी बंद खोलीत बसवतात आणि मग मंदिरात साधारण पंधरा-वीस मिनिटेच मिळतात. बहुतेक लोक सरळ यहुदाच्या चुंबनाकडे आणि प्रवेशाकडच्या भिंतीवरच्या अंतिम न्यायाकडे वळतात, वरची रांग पाहायची राहून जाते. ती उंचावर आहे. छोटी दुर्बीण जवळ ठेवा. उजवीकडे वेदीच्या टोकापासून सुरुवात करा, योआकीमच्या हातातल्या कोकरापासून. चालत चालत सुवर्णद्वारापर्यंत या, मग वळून समोरच्या काठ्या. निम्मा वेळ या बारा चित्रांना दिलात तरी खालची येशूच्या आयुष्याची चित्रे पाहायला पुरेसा वेळ उरतो.